कोवळ्या वयातली गरोदर मुलगी आणि मशेरी, दारू, नशा: विचारायचं कसं, सोडवायचं कसं

गरोदर मुलीची नोंदणी करताना व्यसनाबद्दल बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: "दारू-बिरू पितेस का गं?" तोही सासूसमोर, रजिस्टरवरची मान वर न करता. उत्तर ठरलेलं असतं. रकान्यात 'नाही' लिहिलं जातं आणि बाळंतपणापर्यंत तो विषय पुन्हा निघत नाही. मशेरीची डबी तिच्या कमरेला खोचलेली असते, पण मशेरीचं नाव कुणी काढलेलंच नसतं.

हा लेख आशाताई, एएनएम सिस्टर, आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकचे समुपदेशक यांच्यासाठी आहे. घरात किंवा शेजारी अशी मुलगी असेल, तर तुमच्यासाठीही आहे.

आधी आपल्याकडचं चित्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्याच पाहणीत राज्यातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी १०.९ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होत्या. दारू पिणाऱ्या फक्त ०.४ टक्के. आपण दारू पितो हे बाई सहसा कबूल करत नाही, हे धरूनही फरक फार मोठा आहे. म्हणून माझा आग्रह आहे की आपल्याकडे गरोदर मुलीच्या व्यसनाची चौकशी तंबाखूपासून सुरू व्हावी आणि ती मशेरी, खर्रा, तपकीर अशी नावं घेऊन व्हावी.

मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, धोका तिथेच आहे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून कुटायची आणि त्या पुडीने दात घासायचे, म्हणजे ते दंतमंजनच वाटतं. पण तीच पूड दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना लावून तोंडात धरली जाते आणि निकोटीन थेट रक्तात उतरतं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींची सवय मशेरीचीच होती. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. अंगात रक्त कमी असलेल्या, स्वतःचीच वाढ अजून पूर्ण न झालेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या बाळाला हे १०५ ग्रॅम फार महाग पडतात.

विचारण्याआधीची तयारी

तुमच्या भागात काय चालतं आणि त्याला काय म्हणतात, हे आधी माहीत करून घ्या. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात मशेरी किंवा मिश्री, नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण), छत्तीसगडच्या सीमेलगत गुडाखू (तंबाखू-गुळाचा लगदा), ठिकठिकाणी मावा, तपकीर, चुना-तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोही विचारायचाच. दारूत मोहाची, हातभट्टीची, देशी, ताडी, शिंदी. शहरात बिअर आणि क्वार्टर. झोपेच्या गोळ्यांना मुंबईत 'बटण', मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात. कोडीनचं खोकल्याचं औषध, गांजा, एमडी (मेफेड्रोन), गर्द (हेरॉइन) हे प्रकार शहरांच्या वस्त्यांमध्ये सापडतात. रस्त्यावर राहणाऱ्या मुलींमध्ये व्हाइटनर आणि सोल्युशन हुंगणं. "काही नशा करतेस का?" या प्रश्नाला मशेरीवाली मुलगी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. तिने खोटं सांगितलेलं नसतं.

मग तिला एकटीला भेटण्याची सोय करा. सासू, आई, नवरा समोर असताना विचारलेलं न विचारल्यासारखंच असतं. यासाठी वेगळी खोली लागतेच असं नाही. "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा, हिचं वजन आणि बीपी बघते," एवढं पुरतं. प्रत्येक गरोदर बाईला पाच मिनिटं एकटीलाच बघायचं हा केंद्राचा नियमच करून टाका, म्हणजे कुणाला संशय येत नाही आणि एकाच मुलीवर शिक्का बसत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला गर्दी असते, त्या दिवशी हे जमणं कठीण. त्यापेक्षा गृहभेटीत ती पाणी आणायला किंवा कपडे धुवायला निघाली असेल, तर तिच्यासोबत चालत बोला.

कायद्याचं आधी, प्रश्न नंतर

मुलगी १८ वर्षांखालील असेल तर "तू सांगितलेलं कुणालाच कळणार नाही" असं वचन देऊ नका. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गर्भधारणा कळली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला माहिती देणं बंधनकारक आहे. लग्न झालंय म्हणून सूट मिळत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बलात्काराच्या कायद्यातला १८ वर्षांखालच्या पत्नीबाबतचा अपवाद काढून टाकला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर माहिती देताना डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं याच न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि अल्पवयीन मुलीला, तिची आणि पालकांची संमती असेल तर, २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा पर्याय आहे, हेही तिला वेळेत कळायला हवं.

कायद्याच्या भीतीने मुली दवाखान्यातच येत नाहीत, ही मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट आहे. म्हणून वय आणि व्यसन या दोन गोष्टी तिच्यासमोर वेगळ्या ठेवा. तिला असं सांगता येईल: "तुझ्या वयाबद्दल मला वरती कळवावं लागतं, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तू काय खातेस, काय पितेस हे तुझ्या उपचारासाठी विचारतेय. ते सासूला सांगणार नाही, नवऱ्यालाही नाही." आणि तो शब्द पाळा. माता-बाल आरोग्य कार्ड घरात सगळे वाचतात, त्यावर 'तंबाखू' किंवा 'दारू' लिहू नका. नोंद केंद्रातल्या कागदांवर ठेवा, आणि बाळंतपण जिथे होणार तिथल्या डॉक्टरांना स्वतः सांगा.

गांजा-गर्दसारख्या प्रकारांत मुलीला पोलिसांची धास्ती असते. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उलट मुलांना दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हे धमकी म्हणून वापरू नका. पण मुलीच्या हातात नशा ठेवणारा मोठा माणूस कोण आहे, हे शोधणं आपल्या कामात येतं.

प्रश्नांचा क्रम

थेट तिच्यावर येऊ नका. आधी घर, मग नवरा किंवा मित्र, मग दिवस जायच्या आधीचं, शेवटी आताचं. चार-पी नावाच्या तपासणी-प्रश्नावलीची मांडणी अशीच आहे: आईवडील, जोडीदार, मागचा काळ, गरोदरपण. बोलणं साधारण असं जातं:

"तुमच्याकडे घरी मशेरी कोण-कोण लावतं?"
"आमच्यात सगळ्याच बाया लावतेत. सासू, जाऊबाई."
"आणि तू कधीपासून लावायला लागलीस?"
"लग्न झाल्यावर. ऊसतोडीच्या टोळीवर गेल्यावर."
"दिवस जायच्या आधी दिवसातून किती वेळा लागायची?"
"चार-पाच बार."
"आणि आता?"
"आता थोडी कमी. सकाळी लावल्याशिवाय परसाकडं होत नाही, ताई."

"लावतेस का" असं न विचारता "कधीपासून" असं विचारल्याने तिला नाकारण्याची गरज वाटत नाही. 'आधी किती' हे 'आता किती'च्या आधी विचारा, कारण आधीचं सांगायला लाज कमी वाटते. आणि शेवटच्या वाक्यात तिने स्वतःचं कारणही दिलं आहे. पुढचा सगळा उपचार त्या कारणावर उभा राहणार आहे, ते लिहून ठेवा.

दारूबद्दलही हाच क्रम. दारू कुठे पिते, कुणासोबत, किती, सणाला की रोज. मोजताना पेल्यावर विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क म्हणजे एक प्रमाणित पेग. १८० मिलीची एक क्वार्टर साधारण सहा पेग भरते, ६५० मिलीची स्ट्राँग बिअर चार. हातभट्टी आणि मोहाच्या दारूचा जोर दर खेपेला बदलतो, तिथे मापाचा अंदाज बांधण्यापेक्षा "प्यायल्यावर काय होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरतात का" हे विचारणं जास्त उपयोगी.

ज्यांना तयार प्रश्नावली हवी त्यांनी किशोरवयीनांसाठी क्राफ्ट (CRAFFT) ही प्रश्नावली वापरावी. त्यात सहा प्रश्न आहेत: नशेत असलेल्याच्या गाडीवर बसणं, ताण घालवायला घेणं, एकटीने घेणं, केलेलं विसरणं, घरच्यांनी किंवा मैत्रिणींनी 'कमी कर' म्हणणं, नशेमुळे अडचणीत येणं. दोन किंवा जास्त 'हो' आले तर सखोल चौकशी करायची. जागतिक आरोग्य संघटनेची असिस्ट ही आठ प्रश्नांची, तंबाखूसह सगळे पदार्थ धरणारी. पण कुठल्याही प्रश्नावलीत गुण कमी आले म्हणून गरोदर मुलीला सोडून देऊ नका. गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण माहीत नाही आणि तंबाखूचंही नाही.

लघवीची चाचणी हा पहिला मार्ग नाही. ती फक्त गेल्या काही दिवसांचं सांगते, आणि मुलीला न विचारता केली तर ती परत फिरकत नाही. गरज असेल तर कशासाठी ते सांगून, तिची संमती घेऊनच.

हे प्रश्न एकदा विचारून संपत नाहीत, प्रत्येक तपासणीला विचारायचे. पहिल्या भेटीत 'नाही' म्हणणारी मुलगी तिसऱ्या भेटीत सांगते, कारण तेवढ्यात तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत हे तिने पाहिलेलं असतं.

कळल्यावर पहिली दहा मिनिटं

भीती घालू नका. "बाळ वेडंविद्रं होईल" असं ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी खोटं बोलते किंवा येतच नाही. दिवस गेल्याचं कळायच्या आधी काही घेतलं गेलं असेल तर ती रात्रंदिवस त्याच धसक्यात असते. तिला स्वच्छ सांगा: "झालं ते झालं. आज थांबवलंस तरी आजपासून बाळाला फायदा आहे." हे दिलासा देण्यापुरतं नाही, तंबाखूच्या बाबतीत अगदी खरं आहे.

मग तिची परवानगी घेऊन माहिती द्या. तंबाखूने वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नाही, बाळाला रक्त कमी पोचतं, वजन घटतं, दिवस भरण्याआधी कळा येऊ शकतात. दारू सरळ बाळाच्या रक्तात जाते आणि मेंदूच्या वाढीला कायमची इजा करू शकते. एवढं पुरे. नंतर तिला बोलू द्या: सोडावंसं वाटतं का, काय अडतं, कोण मदत करेल. ती आज तयार नसेल तर चिडू नका, पुढच्या भेटीची तारीख ठरवा.

मशेरी सोडवताना

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त मुली इथेच आहेत आणि मार्गदर्शन सर्वांत कमी आहे.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तोंडात तंबाखू लागते का, हा प्रश्न सवय किती घट्ट आहे ते सांगतो. त्यानंतर दिवसातली प्रत्येक वेळ आणि तिचं कारण मांडा. सकाळची शौचासाठी, दुपारची भूक मारायला, संध्याकाळची जावेसोबत बसून, रात्रीची दाढ ठणकते म्हणून. प्रत्येक वेळेवर वेगळा इलाज लागतो.

शौचाचं कारण सर्वांत चिवट. गरोदरपणात बद्धकोष्ठ होतोच, त्यात लोहाच्या गोळ्यांनी तो वाढतो. आपणच तिला गोळ्या देतो, तिला शौचाला होत नाही आणि ती मशेरीची एक वेळ वाढवते. लोहाची गोळी बंद करायची नाही. रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा, पाणी वाढवा, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, पेरू, सकाळी उठल्यावर कोमट पाणी. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. दाढ दुखत असेल तर दंतवैद्याकडे पाठवा. मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. ब्रश आणि साधी टूथपेस्ट तिच्या हातात द्या. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतं, ते मशेरी सोडल्यामुळे आलं असं तिला वाटू शकतं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

भुकेचं कारण ऊसतोडीच्या टोळ्यांत हमखास सापडतं. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघालेली जोडपी मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. पहाटेच कोयता हातात, जेवायला वेळ नाही. तिथे मशेरी म्हणजे भूक आणि झोप दोन्ही दाबायचं साधन. अशा मुलीला 'सोड' म्हणण्याआधी पदरात शेंगदाणे-गूळ, फुटाणे बांधायला सांगा, आणि ती जाण्याआधी कार्ड तिच्याजवळ आहे ना ते पाहा. कारखान्याच्या भागातल्या आशाताईंना फोन करा. तिचा पाठपुरावा तुटू नये.

सोडण्याची तारीख तिलाच ठरवू द्या. एका झटक्यात नाही जमलं तर दर तीन दिवसांनी एक वेळ कमी. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात: चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं. नंतर दोन ते चार आठवड्यांत ते उतरतं. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, जागेवरून उठायचं. सुपारी पर्याय म्हणून देऊ नका. निकोटीनचे च्युइंगम गरोदर मुलीने स्वतःहून घ्यायचे नाहीत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

दारू आणि इतर नशा: इथे घाई जिवावर येते

अधूनमधून पिणारी मुलगी समुपदेशनाने थांबू शकते. पण रोज पिणारी, सकाळी घेतल्याशिवाय हात स्थिर न होणारी मुलगी असेल, तर तिची दारू घरात एकाएकी बंद करायची नाही. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. तिला दाखल करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिनसह (बी-१ जीवनसत्त्व) उपचार लागतात. थरथर, घाम, उलट्या, असंबद्ध बोलणं, झटका यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा.

बाजारात मिळणारं 'गुपचूप दारू सोडवण्याचं' औषध जेवणात मिसळणं हा अक्षम्य प्रकार आहे. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असू शकतं आणि ते गरोदरपणात द्यायचं नसतं.

गर्द किंवा कोडीनची सवय असेल तर तेही झटक्यात तोडायचं नाही. नशा अचानक तुटल्यावर होणाऱ्या त्रासात गर्भपात किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असतो. डॉक्टर त्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधावर नेतात आणि ते बाळंतपणापर्यंत चालू राहतं. झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या. गांजा, एमडी, हुंगण्याचे पदार्थ यांवर खास औषध नाही. ते थांबवून आधार द्यायचा असतो.

पाठवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि प्रसूती विभाग यांना एकत्र सांगा, एकाकडून दुसरीकडे धाडू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचं मुक्तिपथ हे अभियान गावसंघटना आणि तालुका क्लिनिकांमार्फत काम करतं. गरोदर मुलीला पाठवण्याआधी फोन करून विचारा.

घरच्यांशी बोलताना

सासूची मशेरी चालू आणि सुनेची बंद, हे एका घरात टिकत नाही. सासूला दोष न देता नातवाच्या निमित्ताने बोला: "मावशी, तुमच्या हातची डबी तिच्या डोळ्यांसमोर नको. तुम्हीही तिच्यासोबत दोन वेळा कमी करून बघा." सुनेने काय सांगितलं हे त्यात येऊ देऊ नका, सगळ्याच घरांत हे सांगतेय असं म्हणा. नवरा पीत असेल तर त्याला वेगळा भेटा.

मार आहे का, हे मात्र एकटीलाच विचारा. काही मुली मार सहन व्हावा म्हणून पितात, काहींना जबरदस्तीने पाजलं जातं. तिथे व्यसनाआधी तिची सुरक्षितता. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन. मन खचलं असेल, मरण्याचे विचार बोलून दाखवत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६.

बाळंतपण आणि त्यानंतर

बाळंतपण रुग्णालयातच. गर्द, कोडीन असे अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्या मुलीच्या बाळाला पहिल्या काही दिवसांत किंचाळून रडणं, थरथर, नीट न चोखणं असा त्रास होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना आधीच कल्पना द्या आणि बाळाला लवकर घरी नेऊ देऊ नका.

काही भागांत बाळंतिणीचं अंग दुखू नये म्हणून मोहाची दारू देतात, कुठे ब्रँडी. सातव्या-आठव्या महिन्यातच घरातल्या मोठ्या बाईशी हे बोलून ठेवा. बाळंतिणीला अंगदुखीवर डॉक्टर देतील ती गोळी आणि गरम जेवण, बाळाच्या तोंडात दारूचा थेंबही नाही.

बाळंतपणानंतर मशेरी पुन्हा सुरू होणं फार सामान्य आहे. झोप नाही, माहेरी आलेल्या मुलीपुढे आई स्वतःच डबी सरकवते. घरभेटींचं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाचं वेळापत्रक आशाताईंकडे असतंच. त्या प्रत्येक भेटीत बाळाच्या वजनासोबत हाही प्रश्न घ्या. पुन्हा सुरू झाली असेल तरी अंगावर पाजणं थांबवायला सांगू नका. आधी बाळाला पाजायचं, हात आणि तोंड धुवायचं, आणि दर आठवड्याला एक वेळ कमी करायची. दारू घेतली असेल तर एका प्रमाणित पेगमागे किमान दोन तास थांबून पाजायचं, आणि त्या रात्री बाळाला शेजारी घेऊन झोपायचं नाही. पुढचं मूल कधी, कॉपर-टी की अंतरा इंजेक्शन, हे बोलणंही याच भेटींत काढा. सतराव्या वर्षी आई झालेल्या मुलीला दुसऱ्या खेपेआधी अंग भरून यायला वेळ मिळाला पाहिजे.